मयेकरकाकांचा होस्ट

मयेकरकाका माझ्या दुकानात आले की आधी खुर्ची उलटी करतात. चारी पाय हलवून बघतात, खालचे स्क्रू अंगठ्याने दाबतात आणि मगच ती सुलटी करून बसतात. गेली सहा वर्षं तीच खुर्ची आहे. पण "आधी बूड तपास, मग बस" हा त्यांचा मंत्र. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले, तेव्हा मुलगा राहिला बाजूला, यांनी म्हणे आधी घराभोवती फिरून जोतं बघितलं.

तीस वर्षं ते बोटीवर इंजिनरूममध्ये होते. भर समुद्रात काही बिघडलं तर मिस्त्री कुठून आणणार, हे त्यांच्या हाडात मुरलंय. माझं माळनाक्याजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. माझ्या हाडात फक्त गिऱ्हाइकांचा वैताग मुरलाय. त्यामुळे आमचं बरं जमतं, म्हणजे ते बोलतात आणि मी चिडतो.

गणपती उरकले आणि काका आले. त्या दिवशी खुर्ची उलटी न करताच बसले. मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"सुलूला काचबिंदू झालाय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, गेलेली नजर परत येत नाय. उरलेली फार दिवस टिकेल असं दिसत नाय."

सुलूकाकू म्हणजे त्यांची बायको. वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणून फडशा पाडणारी बाई. काकांनी ठरवलं होतं, तिच्यासाठी एक मशीन करायचं. बटण दाबलं की ते मराठीत बोलायला लागेल, पेपर वाचून दाखवेल, पुस्तक वाचेल. दुसरं काही करणार नाही. आणि तिला थोडंफार दिसतंय तोवरच बटणांची जागा तिच्या बोटांना शिकवायची.

"मग तयार घ्या की! बाजारात ढीगभर मिळतात," मी म्हटलं.

"मेल्या, तयार मशीन मध्येच थांबून विचारतं, नवीन आवृत्ती टाकू काय, हे मान्य काय, ते मान्य काय. तिला दिसणार नाय तेव्हा ती कुणाला विचारेल? मी असेनच कशावरून? माझ्या मशीनमध्ये मला ठाऊक नाय असा एक खिळा नको."

म्हणून त्यांना लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ यंत्रणा, स्वतः बांधायचा होता. लोक तयार लिनक्स घेतात. यांना त्याचा एकेक भाग आणून, स्वतः घडवून, जुळवून उभा करायचा होता. त्याची माहिती देणारं पुस्तक मीच छापून दिलं, चांगलं जाडजूड. पण रिकाम्या मशीनवर काही बांधता येत नाही. बांधकाम करायला आधी कुठला तरी तयार लिनक्स लागतो. त्याला म्हणतात होस्ट. आपल्याकडे भेट कलम बांधतात तसंच हे. फांदी आईच्या झाडावरच असते, कलमाने जीव धरला की मग तोडायची. नवा लिनक्स आपल्या पायावर उभा राहिला की होस्टचं काम संपलं.

कुठलाही धडधाकट होस्ट चालतो. मी त्यांना पेनड्राइव्हवर एक टाकून दिला आणि म्हटलं, "उद्या सुरू करा."

अहो, उद्या कसला! काकांनी त्याला आठ दिवस बंदरात उभा केला. म्हणजे लॅपटॉप आठ दिवस अखंड चालू, आणि बोटीवरच्या पाळीप्रमाणे दर चार तासांनी वहीत नोंद. गरम किती झाला, पंखा कसा वाजला, घड्याळ किती सेकंद मागे पडलं. आठव्या दिवशी दुकानात हजर. "हा नको. फार गोड बोलतो. चालू झाला की आधी 'स्वागत' म्हणतो. असल्या माणसाकडून कधी काम झालंय?"

दुसऱ्या होस्टमधली बांधकामाची हत्यारं पुस्तकात सांगितलेल्यापेक्षा जुनी निघाली. हे कारण तरी खरं होतं. तिसरा दर सहा महिन्यांनी नवा येतो, म्हणून तो धरसोड्या. चौथ्याचं नाव त्यांना उच्चारता येईना. म्हणे, अडचणीत हाक कशी मारायची? प्रत्येकाला आठ दिवस. दिवाळी गेली, थंडी पडली, आंब्याला मोहर आला. काका आपले नवा पेनड्राइव्ह मागायला येतायत!

मधे एकदा काकू दुकानावरून गेल्या. फुटपाथची पायरी उतरताना त्यांनी आधी पाऊल लांबवून जमीन चाचपली. ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. शटर ओढलं आणि तडक त्यांच्या घरी गेलो.

काका टेबलाशी बसले होते. समोर स्टीलच्या ताटात अकरा पेनड्राइव्ह, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठा आणि त्यावर मार्करने निकाल.

"काका, तुम्हाला होस्टबरोबर संसार करायचाय काय?" मी ओरडलोच. "चार दिवसांचा पाहुणा तो! काकूंची नजर चाललीय आणि तुम्ही पंख्याचे आवाज मोजताय! लाज वाटत नाही?"

वडीलधाऱ्या माणसाला असं बोललो म्हणून दुसऱ्याच क्षणी मला माझीच लाज वाटली. काका चिडतील असं वाटलं होतं. ते स्वयंपाकघराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "ठाऊक आहे रे मला. त्यातला कुठलाही चालतो. पण एकदा निवडला की सुरू करावं लागणार. सुरू केलं म्हणजे तिला दिसणार नाय, हे मी कबूल केलं. तेवढंच होत नाय माझ्याच्यानं."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर टेबलाशी बसलो.

"काय ओ, कसला आरडाओरडा?" काकू दाराची चौकट धरून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं की नाही, देव जाणे. टेबलापाशी आल्या, ताटावरून हात फिरवला. "तुमच्याच्याने व्हायचं नाही. द्या, मी निवडते."

एक पेनड्राइव्ह त्यांनी उचलला. पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग हसून म्हणाल्या, "हा घ्या. 'उत्तम' लिहिलंय की तुम्हीच यावर."

पुठ्ठ्यावर बोटभर जाडीच्या लाल अक्षरात लिहिलं होतं, 'बाद'.

मी तोंड उघडणार तोच टेबलाखाली काकांनी माझ्या पायावर पाय दाबला. चांगला जोरात. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"हो गं," ते म्हणाले. "उत्तमच लिहिलंय."

त्यांनी तो पेनड्राइव्ह लावला. न आठ दिवस, न वही. काकूंसाठी खुर्ची ओढली, उलटी न करता, आणि त्यांचा हात धरून बसवलं. मशीन सुरू झालं, पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या.

पंख्याचा आवाज ऐकायचा असतो म्हणून मशीन चालू होताना कुणी शब्द काढलेला या माणसाला खपायचा नाही. पण त्या दुपारी ते स्वतःच, पडद्यावर आलेली ओळ न् ओळ बायकोला मोठ्याने वाचून दाखवत होते.