वानखडेकाका आणि त्यांच्या पट्ट्या

वानखडेकाकांच्या घरी पावडरचा नवा डबा आला, की पहिला मान पट्ट्यांचा. मग काकूंचा. काका मांडी घालून बसत, गुडघ्यावर पट्टी आडवी घेत, खाचेत चिमूटभर पावडर सोडत आणि मधली पट्टी मागेपुढे सरकवत म्हणत, "बघ बाप्पा, कशी लोण्यावानी चालते!" काकू लग्नकार्याला बिनपावडरच्या जात, आणि कपाटातल्या पट्ट्यांना मोगऱ्याचा वास येई.

पट्ट्या म्हणजे हिशेबाच्या, स्लाइड रूल. वरची-खालची पट्टी पक्की, मधली सरकती, आणि त्यांच्यावर केसाएवढी रेघ असलेली काच. मधली सरकवली की गुणाकार तयार. काका मरोळच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ट्रेस करायचे. तिथल्या साहेबलोकांच्या टेबलांवर लाल आकडे पेटणारे कॅल्क्युलेटर आले आणि त्यांच्या पट्ट्या केराच्या टोपलीत जायला लागल्या. काकांनी त्या मागून घेतल्या. मग भंगारवाल्यांकडे चकरा सुरू झाल्या. बांबूची जपानी पट्टी आली. चिनी दंतवैद्याकडची, हिशेबाची मण्यांची चौकट आली. हँडल फिरवायचं एक लोखंडी यंत्र आलं. त्यात वजाबाकी शून्याखाली गेली की घंटी वाजे, आणि चाळीतली पोरं कुल्फीवाला आला म्हणून वाट्या घेऊन बाहेर पळत.

पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून पट्ट्या तांदळाच्या डब्यात मुक्कामाला जात. काकू वाकोल्यातच जन्मलेल्या, तोंडाने फटकळ. तांदूळ काढताना हाताला पट्टी लागली की ओरडत, "वाट लागली माझ्या घराची! लोकांच्या तांदळात खडे निघतात, आमच्यात इंजिनिअर!"

मी वाशीमकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. मामाच्या ओळखीने या दोघांच्या वाकोल्याच्या खोलीत आलो, मरोळलाच पॅकिंगच्या कामाला लागलो. कपाट आणि दार यांच्या मध्ये माझी वळकटी पडे. माझी अडचण होते असं दोघांनी कधी एका शब्दाने जाणवू दिलं नाही, पण मी रोज झोपताना पाय आखडून घेत असे. मुंबईत माझं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि काका मागे नव्या वस्तू रचत तसं कपाट दर रविवारी थोडं पुढे सरकत होतं.

त्यात काकांचा "आधी अंदाज!" म्हणायचा नाद. पट्टी दोन, वीस आणि दोनशे यांत फरक करत नाही. उत्तरावर शून्यं किती द्यायची ते माणसाने आधी मनाशी ठरवायचं. म्हणून काका सगळ्यालाच अंदाज मागत. "बोल, या परातीत पीठ किती? आधी अंदाज!"

"तुमच्या डोक्यात अक्कल किती, त्याचा काढा आधी," काकू भाकरी थापत म्हणत.

मला विचारलं की शाळेतला फळाच समोर उभा राही. काकांनी पट्टी हातात दिली की तळव्याला घाम सुटे. मी बादली उचलून नळावर पळत असे, मग नळाला पाणी असो वा नसो.

एकदा काकूंनी काकांना बजावलं, "आता आणखी एक लाकूड घरात आलं ना, तर एक माणूस बाहेर जाईल. सांगून ठेवते." तो माणूस कोण, हे मी न विचारताच ओळखलं.

पुढच्याच रविवारी काका गोरेगावहून चालत आले. खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं, माणसापेक्षा लांब काहीतरी. कंडक्टरने "शिडी घेऊन बसमध्ये चढायचं नाही" म्हणून उतरवलं होतं. चाळीतल्या एकाने विचारलंही, "काय वानखडे, मांडव कुणाकडे?" जिन्याच्या वळणावर ते अडकलं तेव्हा मीच दुसरं टोक धरून वर चढवलं. काकांनी चादर काढली. पिवळी, अगडबंब पट्टी! कुठल्याशा कॉलेजात फळ्यावर टांगून शिकवायची. एकेक आकडा बोटाएवढा. खोलीत ती आडवी मावेल अशी एकच जागा होती. माझी.

मी वळकटी सुतळीने बांधली, ट्रंक ओढली.

"हा कुठे निघाला?" काकूंनी विचारलं.

"मरोळला एक ओळखीचा आहे. पट्टीला जागा होईल, काकू."

काकू काकांकडे वळल्या. "झालं समाधान? पोरगं चाललं तुमच्या लाकडापायी! अरे, बाहेर जाईल म्हणाले ते ह्यांना रे, तुला नाही!"

काका पट्टीशेजारी उकिडवे बसून होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वळकटीकडे. "अबे, तुझ्यासाठीच आणली ना ही."

मला कळेना.

"बारकी पट्टी हाती आली की तू बादली घेऊन पळतोस. मला वाटलं, रेघा दिसत नसतील. हिच्यावरचं मागच्या बाकावरूनही दिसतं." पट्टीवरून हात फिरवत ते म्हणाले, "घरी येतात ते पाहून हसून जातात. कशी चालते, ते कोणी विचारत नाही. म्हटलं, तू तरी..."

"काका, मी सातवीच..."

"मग? इथं काय बोर्डाची परीक्षा आहे?"

काकूंनी ट्रंक माझ्या हातातून घेतली आणि पायाने कॉटखाली ढकलली. "आधी ते धूड गॅलरीत न्या दोघं. स्वयंपाक करायचाय मला."

गॅलरीच्या भिंतीला, कपडे वाळत घालायच्या खिळ्यांवर पट्टी टांगली. मधली पट्टी जाम बसली होती. एकट्याला ती हलेना. काका एका टोकाने रेटायला लागले, मी दुसऱ्या टोकाने ओढायला लागलो. "ओढ... अजून... थांब!" मधल्या पट्टीचा एक खालच्या पट्टीच्या दोनावर आला. काकांनी काच मधल्या पट्टीच्या तीनावर नेली. "खाली वाच."

"सहा."

बे त्रिक सहा. एवढं मला गावातही येत होतं. पण आज ते माझ्या हाताने ओढून आणलं होतं, आणि तळवे कोरडे होते.

दारातून काकू म्हणाल्या, "एवढी गाडाभर पट्टी, आणि उत्तर सहा?"

आम्ही तिघंही हसलो. मग काकांनी दोन्ही तळवे लेंग्याला पुसले, आणि इतक्या हळू आवाजात विचारलं की काकूंना ऐकू जाऊ नये, "दमला नसशील, तर अजून एक करायचं का?"

वळकटी अजून बांधलेलीच होती. मी जाऊन पट्टीचं माझं टोक धरलं.