ऋषीभाऊंचे सोयरे

१४ डिसेंबर, संध्याकाळ. मुक्कामाच्या गावातल्या शाळेच्या ओट्यावर बसून मी मोज्यांत रुतलेली कुसळं उपटत होते.

आमचे ऋषीभाऊ साप दिसला की आधी त्याच्याशी नातं जोडतात. नाग म्हणजे पाटील. धामण मावशी, कायम घाईत. मण्यार नवी सून, दिवसा तोंड दाखवत नाही. घोणस ही विहीण. बसली तिथून हलायची नाही, वर फुसफुसणार.

दर हिवाळ्यात आम्ही दहा जण ब्रह्मपुरीहून जंगलवाटांनी पायी सिरोंच्याला जातो. ऋषीभाऊ एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, त्यामुळे पुढे तेच. काठी आपटत चालतात आणि साप दिसला की हात वर. "थांबा मांगचे. मावशीले जाऊ द्या." मावशी झुडपात शिरेपर्यंत कुणी पाणीसुद्धा प्यायचं नाही. एकदा पाटलांसाठी त्यांनी आम्हाला अर्धा तास उभं केलं. मी कुरकुरले, तर म्हणाले, रस्ता त्याचा आहे, आपण सवलतीच्या पासवर.

यंदा मात्र सोयरे फारच निघाले. चार दिवसांत त्यांनी अकरा दाखवले, मी दोन पाहिले. बाकीच्यांत पळसाची मुळी होती, सुंभाचा तुकडा होता, सायकलची ट्यूबही होती. ट्यूबसमोर आम्ही दहा माणसं शिस्तीत उभी.

आणि आज दुपारी ते थांबलेच नाहीत. सागाच्या वाळक्या पानांत घोणस वेटोळं करून पडली होती. त्यांचा पाय तिच्यापासून हातभर असताना मी त्यांची पाठपिशवी धरून मागे ओढली. ते बूड आपटून बसले. घोणस कुकरसारखी वाजली, तेव्हा कुठे त्यांना ती कळली.

आता ते ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. उद्यापासून तुम्ही मागे चाला, मी सरळ सांगितलं. डोळ्यांचंही विचारलं. मोतीबिंदू, दोन्हीकडे. डॉक्टरांनी सांगून वर्ष झालं होतं.

"मंग ऑपरेशन काऊन नाई केलं?"

"घरचं मानूस संग आना म्हन्तेत. बायको गेली, लेकरू नाई. कोनाले नेऊ?" त्यांनी काठीचं टोक जमिनीवर फिरवलं. "मले मांगं नोका टाकू, बाई. गाडी सुटली तवापासून वर्षातून इतकेच दिवस माह्या मांगं मानसं असतेत."

मी दुसरा मोजा घेतला.

१५ डिसेंबर, सकाळ. गावाबाहेरच्या टेकाडावर रेंज मिळाली. तिथून चंद्रपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला आणि परतल्यानंतरचा सोमवार ठरवला. सोबत कोण येणार, पेशंटचं नातं काय, पलीकडून विचारलं. बहीण, मी म्हटलं आणि माझं नाव दिलं.

मग खाली उतरून ऋषीभाऊंकडून काठी मागून घेतली आणि पुढे झाले. त्यांना माझ्या लगेच मागे ठेवलं. त्यांच्या मागे आठ माणसं होती.