अर्धपतन मुद्रा

दोना लिंदिनाल्वा यांचे निधन १९९० च्या सुमारास झाले. ही बातमी स्वतः लिंदिनाल्वाबाईंना कार्निव्हलच्या अकरा दिवस आधी, एका मंगळवारी समजली.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरापासून तासाभरावरच्या एका गावात काही वर्षांपूर्वी फ्रेवो या नाचाचे संग्रहालय निघाले होते; तिथे नाचाचे वर्गही चालत. बाईंनी, तिकडच्या भाषेत दोनांनी, तीस वर्षे हातात रंगीत छत्री घेऊन पितळी बँडपुढे फ्रेवो नाचला होता आणि आता त्या कोपऱ्यावर टॅपिओका, म्हणजे साबुदाण्याच्या पिठाची पोळी, भाजून विकत. शेजारचा म्हातारा ट्रॉम्बोनवाला वाल्देमीर म्हणाला, "लिंदी, तुझा फोटो लागलाय तिथं. भिंतभर!" मंगळवारी ज्येष्ठांना प्रवेश फुकट असतो, म्हणून दोघे गेले.

फोटो खरोखर भिंतभर होता. छत्री आभाळात, एक पाय हवेत, तोंड उघडे. खाली पितळी पाटी: 'अज्ञात नर्तकी, १९७४. मृत्यू अंदाजे १९९०.'

"अगं बाई!" लिंदिनाल्वा म्हणाल्या. "मला जाऊन इतकी वर्षं झाली आणि कुणी कळवलं पण नाही!"

"तरीच गेल्या वर्षी तुझा टॅपिओका थंड लागत होता," वाल्देमीर म्हणाला.

टेबलामागच्या जोझिनेइद नावाच्या बाईने शांतपणे दुरुस्तीचा अर्ज पुढे केला. "मावशी, हा मृताच्या वारसांनी भरायचा असतो."

"वारस मीच."

"मग मृताशी नातं लिहा."

लिंदिनाल्वाबाईंनी 'जुनी ओळख' असे लिहिले. अर्ज संचालक डॉ. एवेराल्दो यांच्याकडे गेला. डॉक्टरसाहेबांनी फ्रेवोवर प्रबंध लिहिला होता; गुडघ्याच्या त्रासामुळे नाचून मात्र कधी पाहिले नव्हते. त्यांनी बाईंचे ओळखपत्र उलटसुलट करून पाहिले.

"यावरून तुम्ही जिवंत आहात एवढंच सिद्ध होतं, दोना. फोटोतली बाई तुम्हीच, याला पुरावा काय?"

"नाचून दाखवते की!"

"इथे? संग्रहालयात?" डॉक्टरसाहेबांनी भिंतीकडे बोट केले. तिथे लिहिले होते, 'कृपया नाचू नये. हादऱ्यांनी नाचाच्या वस्तूंना धोका पोहोचतो.'

अखेर मार्ग निघाला. गुरुवारी प्रात्यक्षिक-कक्षात, मान्यताप्राप्त परीक्षकांसमोर. परीक्षक तिघे होते आणि तिघांच्या हातात संग्रहालयाचे अधिकृत पाठ्यपुस्तक होते. वाल्देमीरने ट्रॉम्बोन आणला होता. तो खोलीत वाजवायला मनाई असल्याने त्याने तोंडानेच वाजवला. त्र्याहत्तर वर्षांच्या बाई अशा नाचल्या की जोझिनेइद टेबल सोडून दारात येऊन उभी राहिली.

परीक्षकांनी शंभरपैकी एकतीस गुण दिले.

"तोल फारच चांगला आहे," मुख्य परीक्षक खेदाने म्हणाले. "फोटोतल्या बाईंची खास ओळख म्हणजे अर्धपतन मुद्रा. डावा पाय बाहेर निसटतो, कंबर ढासळते, मुखातून आनंदाचा परमोच्च उद्गार. पान बेचाळीस. आमचे विद्यार्थी हिच्यावर दोन वर्षं घालवतात."

लिंदिनाल्वाबाईंनी पुस्तक हातात घेतले, डोळ्यांपाशी नेले आणि हसता हसता त्यांना खाली बसावे लागले.

"अहो, ही कसली मुद्रा! कुणा मेल्यानं आंब्याची साल टाकली होती, तिच्यावरून मी घसरले! तोंडातून 'आई गं' निघालं होतं. त्यानंतर पंधरा दिवस मला बसता येत नव्हतं!"

आजवर त्या मुद्रेत दोनशे बारा जण उत्तीर्ण झाले होते. परीक्षकांपैकी दोघे त्यांतलेच.

डॉक्टरसाहेबांनी बाईंना आपल्या खोलीत नेले, स्वतः कॉफी ओतली. "दोना, तुमचं नाव सोन्याच्या अक्षरांत लावतो. फक्त ते सालीचं तेवढं कुठं बोलू नका. मुद्दाम केलं होतं म्हणा."

नाव लागावे असे बाईंना फार वाटत होते. फोटोतल्या त्या पोरीला इतक्या वर्षांत कुणी नावाने हाक मारली नव्हती.

"डॉक्टरसाहेब," त्या शेवटी म्हणाल्या, "आयुष्यभर मी सरळ नाचले, एकदाच घसरले. तुम्ही माझं नाव नेमकं घसरण्याला लावताय. राहू दे. मी मेलेलीच बरी."

संग्रहालयाने या म्हणण्याची लेखी नोंद घेतली आणि पाटीवरचा 'अंदाजे' हा शब्द काढून टाकला.

कार्निव्हलच्या शनिवारी बँड गल्लीत शिरला, वाल्देमीरचा ट्रॉम्बोन आभाळाकडे वळला आणि लिंदिनाल्वाबाई घागर फुटावी तशा रस्त्यावर उसळल्या. भोवती दोनशे जण शिस्तीत घसरत होते. घामाघूम झालेला एक सज्जन पर्यटक त्यांच्यापाशी आला, पुस्तक उघडून अदबीने म्हणाला, "आजी, तुमचं जरा चुकतंय. संग्रहालयात एका बाईंचा फोटो आहे. त्या आता नाहीत बिचाऱ्या. पण एकदा जाऊन बघाच."

"बघते हं," बाई म्हणाल्या आणि नाचत पुढे गेल्या.

वाचकहो, त्या पर्यटकाला हसणे सोपे आहे. गेल्या खेपेला संग्रहालयात गेला होतात, तेव्हा तुम्ही आधी फोटो पाहिला होता की पाटी वाचली होती?