आप्पांचं पिस्तूल आणि शरणम्माचा घट

"डोळ्याला पट्टी बांधा! पिस्तूल खोलतो आणि पुन्हा जोडतो. एका मिनिटात! घड्याळ लावून बघा की!"

खंडेनवमीच्या दुपारी, जेवण पोटात उतरायच्या आधीच मुरुडच्या सिद्धरामआप्पांनी ही घोषणा केली. समोर त्यांचे साडू रामलिंगराव बसले होते. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांची घरं एकाच गल्लीत आणि दोघांकडे लायसनचं पिस्तूल. त्यामुळे दोघांना एकमेकांशिवाय करमत नसे आणि एकमेकांचं कौतुकही सहन होत नसे.

रामलिंगरावांचं पिस्तूल सगळं पोलादी, चकचकीत. आप्पांचं पॉलिमरचं. म्हणजे वरचा सरकता भाग आणि नळी लोखंडी, पण खालचा सांगाडा आणि मूठ कारखान्यातल्या कडक प्लास्टिकची. रंग काळा, पोळ्यांच्या जुन्या तव्यासारखा.

"रूप बघा रूप!" रामलिंगराव आपलं पिस्तूल उन्हाकडं धरून म्हणाले. "नवरदेवावानी दिसतंय. तुमचं म्हंजे आप्पा, मोटरसायकलच्या हँडलाची मूठ!"

"नवरदेव कमरेला लावला की धोतर खाली येतंय तुमचं. मागल्या पोळ्याला सगळ्या गल्लीनं बघितलं."

"वजन असावं लागतंय हत्याराला!"

"मग पाटा-वरवंटा लावा की कमरेला! हे धरून बघा. घामानं हात सुटत न्हाई, थंडीत गार पडत न्हाई, गंजत न्हाई. तुमच्यासारखं दर आयतवारी तेल पाजावं लागत न्हाई. महिन्यातून एकदा फडकं मारलं की झालं!"

"अहो," आप्पांची बायको शरणम्मा आतून म्हणाली, "तीन वाजले. ठाण्यात कवा जाताव?"

कारण प्रश्न ठाण्याचाच होता. निवडणूक लागली होती आणि निरोप आला होता : आज पाचच्या आत लायसनवाल्यांनी हत्यार चालू स्थितीत दाखवून जमा करावं. जो करणार नाही, त्याचं लायसन रद्द! आप्पांचं लायसन मुळात वडिलांचं. ते वारसानं आपल्या नावावर करून घ्यायला लातूरच्या कचेरीच्या पायऱ्या चार वर्षं झिजवल्या होत्या. ते जाणं म्हणजे आप्पांच्या लेखी वडील दुसऱ्यांदा जाणं.

"दोन तास हायत अजून," आप्पा म्हणाले. "आधी साडूभाऊचं समाधान करतो."

गोळ्या आणि मॅगझीन कपाटात कुलूपबंद होती. नळी रिकामी असल्याचं दोघांनी डोळा लावून पाहिलं. मग रामलिंगरावांनी उपरण्यानं आप्पांचे डोळे बांधले, इतके घट्ट की आप्पांच्या भुवया टाळूला लागल्या.

"एक, दोन, तीन!"

बोटं सराईतासारखी फिरली. खटका सुटला, वरचा भाग सरकून हातात आला. आप्पांना वाटलं, आता टाळ्या. तेवढ्यात आतली दाबलेली स्प्रिंग अंगठ्याखालून निसटली.

टण्ण!

"गेली," रामलिंगराव म्हणाले.

"कुठं?"

आप्पांनी पट्टी वर केली. साडूंचं बोट देवघराकडं होतं. तिथं शरणम्माचा घट होता. काळ्या मातीत नऊ दिवसांत वीतभर वाढलेलं हिरवंगार धान, वर झेंडूची माळ. धानाची दोन पाती अजून हलत होती.

आप्पांनी हात पुढं केला.

"खबरदार!" शरणम्मा पळीसकट बाहेर आली. "उद्या दसऱ्याला घट उठणार. तोवर एक पातं हलवायचं न्हाई!"

"अगं, स्प्रिंग गेली आत!"

"असू द्या. उद्या घ्या."

"आज पाचला लायसन चाललंय माझं!"

"आणि घट हलवला तर काय काय जाईल, ते ठाव हाय का तुमाला?"

हे आप्पांना ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. त्यांनी लगेच घरची पूजा सांगणाऱ्या मलप्पा स्वामींना फोन लावला. स्वामींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि आनंदानं म्हणाले, "अहो, भाग्य लागतंय! देवीनं हत्यार मागून घेतलं!"

"सगळं न्हाई स्वामी, नुसती स्प्रिंग घेतली!"

"मग आस्ते काढा. पण घटाला हात लावू नका." फोन बंद.

आता हात न लावता काढायची कशी? साडेतीन वाजले. रामलिंगराव म्हणाले, "फुंकून बघू." शरणम्मानं नुसतं पाहिलं, ते दोन पावलं मागं सरकले. शेवटी तिची धाकटी बहीण, रामलिंगरावांची दानम्मा, भांडी विसळता विसळता म्हणाली, "अक्का, आमच्या जुन्या स्पीकरात लोहचुंबक हाय न्हवं?"

दोन्ही हत्यारबंद पुरुषांनी एकमेकांकडं पाहिलं. हे आपल्याला का सुचलं नाही, हा विचार दोघांनाही एकदमच आला आणि दोघांनीही तो बोलून दाखवला नाही.

स्पीकर फुटला. चुंबक निघाला. शरणम्मानं तो आधी धुतला, मग त्याला कुंकू लावलं, मगच परवानगी दिली. आप्पांनी तो दोऱ्याला बांधून, श्वास रोखून, धानाच्या मधोमध सोडला.

टक्!

वर आला एक गंजका नट.

"आपल्या पेरणीयंत्राचा!" आप्पा ओरडले. घटाची माती शेतातली होती. "तीन वर्षांमागं हरवला होता! गड्याला काय काय बोललो मी!"

दुसऱ्यांदा आली केसाची पिन. ती दोघी बहिणींपैकी कुणाचीच नव्हती, त्यामुळे शरणम्मा आप्पांकडं जरा वेळ बघत राहिली.

"माती शेतातली हाय गं!" आप्पा घाईनं म्हणाले. "खुरपायला बाया येतात!"

तिसऱ्यांदा, देवीची कृपा, स्प्रिंग आली! सोबत चिमूटभर माती. एकही पातं मोडलं नव्हतं. आप्पांनी उघड्या डोळ्यांनी पिस्तूल जोडायला घेतलं आणि साठ सेकंदांच्या कामाला चाळीस मिनिटं लावली. पाचला दहा कमी असताना दोघे साडू एकाच मोटरसायकलवरून ठाण्याकडं सुटले.

ठाण्यात हवालदार उमाबाई रजिस्टर उघडून बसल्या होत्या. त्यांनी आधी रामलिंगरावांचं पिस्तूल घेतलं. चमक बघून मान डोलावली, वरचा भाग मागं ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. हलेना! सकाळच्या पूजेचं हळदकुंकू, त्यावर नारळाचं पाणी आणि खाली गेल्या आयतवारचं तेल! नवरदेवाच्या सांध्यासांध्यांत पिठलं बसलं होतं.

"हे चालू स्थितीत हाय?"

"सकाळपस्तोर हुतं," रामलिंगराव पुटपुटले.

"तिकडं बाकावर बसा आणि पुसून आणा. वेळेत आलाव, तेवढं चालंल." मग त्यांनी आप्पांचं उचललं. खट्, खट्. लोण्यासारखं सरकलं. "हे बघा! हलकं, सुटसुटीत. ठेवावं तर असं."

आप्पांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण दमलं. त्यांनी बाकावरच्या साडूंकडं पाहिलं. रामलिंगराव टॉवेलाच्या कोपऱ्यानं कुंकू खरवडत होते. आप्पांना त्यांची दयासुद्धा आली. विजय पूर्ण असला की दया येते.

"लायसन द्या," उमाबाई म्हणाल्या.

आप्पांनी उजवा खिसा चाचपला. डावा चाचपला. आतला चाचपला. छाती आपोआप जागेवर आली. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, कपाटातलं लायसनचं पुस्तक लवकर पाठव. पाच मिनिटं उरलीत!"

"ते कपाटात कुठलं?" पलीकडून शरणम्मा शांतपणे म्हणाली. "खंडेनवमी हाय न्हवं? पिस्तुलाची पूजा केली, मग लायसनची नको? सकाळीच घटाच्या पाटाखाली सरकवलंय. हळदकुंकू वाहिलंय. आता उद्या घट उठल्यावरच निघंल."

"लायसन घटाखाली?" आप्पा ओरडले. उमाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"ताई, ठाण्यातून उमाबाई बोलतेय. बरोबर केलं तुमी. अजिबात हलवू नका. आमच्या घरीबी घट हायत." फोन परत देऊन त्यांनी रजिस्टरात लिहिलं, चार वाजून सत्तावन्न मिनिटं, पिस्तूल एक, जमा.

"म्हंजे लायसन वाचलं?" आप्पांनी हळूच विचारलं.

"वाचलं. उद्या घट उठला की दाखवायला आणा." उमाबाईंनी पेनाला टोपण लावलं. "पण ते ताईंच्या हातीच पाठवा. तुमी आणू नका, तुमी मधीच काय तरी खोलून बघताल."