दांडीतला उलटा सूर्योदय

"आज झोपेच्या बापालाही यावं लागेल!" खिडकीवर काळं प्लास्टिक ठोकत एकनाथने जाहीर केलं. ऐकायला घरात पालीशिवाय कोणी नव्हतं. बायको, दीपिका, माहेरी पालघरला गेली होती.

रात्रपाळ्यांनी आणि पाळीतल्या चहाने त्याची झोप पार पळवली होती. उद्यापासून दिवसपाळी. सकाळी सातला टक्क उघड्या डोळ्यांनी हजर राहिला, तर कारखान्याचे दिग्विजयसाहेब त्याला कायम करणार होते. डुलकी दिसली तर घरी! डॉक्टरांनी बजावलं होतं, "झोप अशीच तुटली तर भास होतील." एकनाथने मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरला, कानांत कापूस कोंबला आणि भर दुपारी आडवा झाला.

जाग आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सव्वासहा! म्हणजे रात्रभर झोपलो की! कपडे चढवून तो रस्त्यावर धावला आणि जागीच थिजला.

सूर्य समुद्रावर उगवला होता. दांडी गावात, जिथे समुद्र पश्चिमेला! आणि वर चढायचं सोडून हळूहळू पाण्यात उतरत होता. कावळे घरट्यांकडे परतत होते. एका अंगणात तुळशीपुढे दिवा लागला.

"भास! सुरू झाले!" तो पुटपुटला. कुणाला सांगितलं तर नोकरी गेलीच.

समोरून मासेवाली राहीबाई येत होती. सकाळी भरली पाटी घेऊन जाणारी बाई रिकामी पाटी घेऊन परत येते?

"कामाला चाललास का रं?"

"हो मावशी. तुम्ही... खऱ्या आहात ना?"

"मेल्या, पिलास का काय? ती बग, बस आली तुजी!"

बसमध्ये कोणी बोलत नव्हतं. मावळत्या उजेडात सगळ्यांचे चेहरे प्रेतासारखे पिवळट दिसत होते. कारखान्याच्या दारात दिग्विजयसाहेबांनी धावत येऊन त्याचा हात धरला. "एकनाथ! देवासारखा आलास! खंडेराव आलाच नाही, बस त्याच्या मशीनवर!"

साहेब इतकं गोड बोलले, म्हणजे हाही भासच.

काम सुरू झालं. दिवस चढत गेला तसा बाहेर अंधार वाढत गेला. शेजारच्या मशीनवरच्या मनीषने डबा उघडला. "चल, जेवून घे."

एकनाथने दबकत विचारलं, "मन्या, तुला बाहेर काय दिसतं?"

"रात्र."

"मलाही! अरे देवा, दोघांना एकच भास!"

"अरे गाढवा, रात्रपाळी आहे ही!"

एकनाथच्या हातातला घास हातातच राहिला. उरलेली रात्र त्याने चिमटे काढत, डोळ्यांवर पाणी मारत कशीबशी रेटली. शेवटी सूर्य डोंगरामागून, अगदी शहाण्यासारखा वर आला.

दिग्विजयसाहेबांनी पाठ थोपटली. "शाबास! कायम झालास समज. आता तेवढी आजची तुझी दिवसपाळी कर!"

एकनाथला "हो साहेब" म्हणायचं होतं. पण जिच्यासाठी त्याने खिडकीला प्लास्टिक ठोकलं होतं, ती बया नेमकी तेव्हाच आली. उभ्याउभ्या साहेबांच्या खांद्यावर मान टाकून तो घोरू लागला!