ठमाबाईच्या बाटलीतला समुद्र

आईला समुद्र दाखवायचा तर असा दाखवायचा की तिनं जन्मभर नाव काढलं पाहिजे, असं भद्रावतीच्या बापूरावांचं ठाम मत होतं. त्यांनी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता, पण त्यामुळे मतात काही फरक पडला नाही. कारखान्यात पंचवीस वर्षं भोंग्यावर उठबस केलेला माणूस! त्यांनी सहलीचा तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. शुक्रवारी पहाटे पाचला प्रस्थान. आल्लापल्लीच्या जंगलात निसर्गरम्य पायवाटेनं अर्धा तास भ्रमंती. सिरोंच्याचा पूल ओलांडून खाली थेट किनारा. रविवारी सकाळी सातला समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात होडी. बुधवारी ड्यूटीवर हजर.

हा सगळा खटाटोप ठमाबाईंसाठी होता. बहात्तर वर्षांत त्यांनी लेकाकडे एकच गोष्ट मागितली होती.

"मले समुद्राचं पाणी चाखून पाहाचं हाये. लोकं खारं खारं म्हणते, खरं हाये का नाई कोण जाणे."

"रविवारी चाखवतो," बापूराव म्हणाले आणि त्याच भरात त्यांनी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाहीर केलं: 'आईला समुद्र दाखवायला नेत आहे. मार्ग बल्लारपूर, गोंडपिपरी, आल्लापल्ली, सिरोंचा. जय भीम.'

घोटाळा झाला तो इथंच. नातेवाइकाच्या दारावरून गुपचूप निघून गेलात तर एक वेळ चालतं. पण आधी कळवून मग न थांबता जाणं म्हणजे त्याच्या घरच्या लग्नांना यापुढे बोलावू नका असं लिहून देणं. पुढच्या दहा मिनिटांत गटावर चहाची सहा आमंत्रणं पडली.

शुक्रवारी सकाळी बल्लारपूरला मामा टॉवेल गुंडाळून भर रस्त्यात उभे होते. गाडी एक तर थांबवायची, नाहीतर मामांवर घालायची. चहा झाला, पोहे झाले, आणि बापूराव उठणार तोच मामींनी कोंबडं शिजत असल्याची बातमी दिली.

"आणि अहेरीले तुह्या आत्याकडे जाशीनच," मामा म्हणाले, "त हे शिलाई मशीन घेऊन जा."

"मामा, अहेरी वाटेत नाई. वळावं लागते."

"गाडीले वळाले काय लागते?"

मशीन मागच्या सीटवर, ठमाबाई आणि नात करिष्मा यांच्या मधोमध बसलं. दुपारी चारला गोंडपिपरी आली. तिथं बायकोची बहीण रीना दारातच रुसून उभी होती.

"मामाकडे जेवले अन् माह्याकडे नाई?"

मग काय, जेवण, मुक्काम, सकाळी पुन्हा जेवण, आणि आत्यासाठी तांदळाचं पोतं.

"बाबा," करिष्मा फोनमध्ये बघत म्हणाली, "दोन दिवस झाले. शंभर किलोमीटर नाई झाले."

"पुढं वेग वाढवतो," बापूराव म्हणाले.

अहेरीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली आणि ठमाबाईंचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. आत्यानं ओवा आणि मीठ कुटून पुडी बांधून दिली, वर चौथं जेवणही वाढलं. मशीन मात्र तिचं नव्हतंच. जंगलातल्या एका गावात राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीनं, सोमारीनं, ते मागवलं होतं.

"गाडी नाई जात तिथी," आत्या म्हणाली. "पायवाट हाये. लय सुंदर."

तेव्हा रविवारी सकाळी सातला, तिकडे किनाऱ्यावर होडी सुटत असताना, बापूराव डोक्यावर शिलाई मशीन घेऊन सागाच्या जंगलातून चालले होते. तक्त्यातली निसर्गरम्य पायवाट ती हीच. बायको हर्षा मागून फोटो काढत होती.

"हसा ना जरा," ती म्हणाली.

सोमारीनं मशीन पुसलं, दोरा ओवला आणि पहिली शिवण घातली ती ठमाबाईंच्या फाटक्या पिशवीला. बापूरावांना फार बरं वाटलं. मग सोमारीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि सिरोंच्यात राहणाऱ्या आपल्या बहिणीसाठी मोहफुलांचं गाठोडं दिलं.

गाठोडं पोचतं झालं तोवर सोमवारची दुपार झाली होती. समोर गोदावरी पसरलेली.

"समुद्र अजून चारशे किलोमीटरच्या वर हाये," करिष्मा म्हणाली. "परवा तुमची ड्यूटी."

बापूराव काठावर मटकन बसले. "आई, नाई जमलं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

ठमाबाई पाण्यात उतरल्या, बाटली भरली, घोटभर पाणी चाखलं. "गोड हाये," त्या म्हणाल्या. मग कमरेला खोचलेली आत्याची पुडी काढून त्यांनी सगळी बाटलीत ओतली, झाकण लावलं आणि खळाखळा हलवली.

"हे काय करून राह्यली?"

"गटावर लिवलं ना तू? वापस जाताना साऱ्यायच्या घरी थांबा लागन. माह्या लेकानं बोललं ते केलं नाई, असं कोणी म्हनाले नाई पाह्यजे." त्यांनी पुन्हा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खरंच खारं असते रे बाप्पा."

परतीच्या वाटेवर घरोघरी चमचाचमचा समुद्र वाटला गेला. मामांनी तर डोळे मिटून घेतले. बाटलीच्या तळाशी उरलेला शेवटचा चमचा भद्रावतीत शेजारच्या सुनीलच्या वाट्याला आला. त्यानं जीभ टाळूला लावून बराच वेळ विचार केला.

"बापूरावभाऊ, याले ओव्याची चव काऊन येऊन राह्यली?"

बापूरावांनी फ्रिजवरचा तक्ता शांतपणे काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"तू समुद्र पाह्यला हायेस का?"

"नाई."

"मंग?"