दुपारी बरे होणारे रुग्ण

आमच्या रुग्णालयातल्या सांधेविकार विभागाची गुणवत्ता सुधारायची, असं वरून ठरलं आणि गुणवत्ता समितीचा सचिव म्हणून माझी नेमणूक झाली. मला सांध्यांमधलं काही कळत नाही, पण गुणवत्तेतलं कळतं. त्यामुळे पहिल्याच सकाळी मी विभागाच्या दाराशी खुर्ची टाकली आणि रुग्णांचं निरीक्षण सुरू केलं.

दृश्य काही बरं नव्हतं. माणसं भिंतीला धरून चालत होती. एका गृहस्थांना शर्टाचं वरचं बटण लावता येईना. एक आजोबा बाकावरून उठायला लागले, ते त्यांचा नंबर पुकारून झाला तरी उठतच होते. अशा रुग्णांमुळे विभागाचं नाव खराब होतं, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. दुपारी मात्र मी थक्क झालो. सकाळपासून ताटकळलेली तीच माणसं आता बऱ्यापैकी चालत होती, आणि गृहस्थांचं बटणही लागलं होतं.

विभागाच्या डॉक्टरीणबाईंना मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "या आजारात सांधे सकाळी आखडतात. हालचाल झाली की दुपारपर्यंत जरा सैल होतात. नवीन काही नाही त्यात."

इतका सोपा उपाय समोर असून कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मी अहवाल दिला आणि विभागाची वेळ सकाळऐवजी दुपारची करण्यात आली. पहिल्याच महिन्यात रुग्णांच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा नोंदवली गेली, तीही एक गोळी न वाढवता. संचालकसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला.

डॉक्टरीणबाई तेवढ्या धुसफुसत होत्या. "अहो, सकाळ बघितल्याशिवाय आजार किती आहे ते मला कळणार कसं?"

"कमी आहे, असं कळेल," मी म्हणालो. "तेच तर हवंय सगळ्यांना."

अशात काजवाल्या बाईंचं प्रकरण उपटलं. या बाई एका शिंप्याच्या दुकानात शर्टांची काजं हाताने करायच्या. त्यांची बोटं सुजायला लागली होती. सोबत नणंद होती. तिच्या जिभेला मात्र कसलाच आखडलेपणा नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी बोटं तपासली आणि तडक माझ्याकडे आल्या. "यांना ते भारी इंजेक्शन लगेच सुरू करू या. आत्ता दिलं तर बोटं वाचतील. एकदा वाकली की मग माझ्या हातात काही नाही."

भारी इंजेक्शन समितीच्या मंजुरीशिवाय मिळत नसे, आणि मंजुरीची कसोटी आम्ही अगदी शास्त्रीय ठेवली होती. रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा रुग्णाने समितीसमोर दाबायचा. दाबता आला नाही, तर इंजेक्शन. बाईंनी ओठ चावून जोर लावला आणि फुगा दबला.

"दाबू नकोस म्हटलं होतं ना, वहिनी," नणंद म्हणाली.

"दाबा म्हणाले ते. खोटं कसं वागू?"

नणंद माझ्याकडे वळली. "साहेब, सकाळी हिची वेणी मी घालते. चहाचा कप ही दोन मनगटांत धरते. सकाळी सातला या घरी आणि बघा."

"सातला समिती नसते," मी सांगितलं.

पुढच्या खेपेला नणंदेने मोबाइलवर सकाळचं चित्रण करून आणलं. त्यात बाई टेबलावरची सुई उचलत होत्या आणि सुई उचलली जात नव्हती. मला ते बघवेना. पण चित्रण विभागाच्या वेळेबाहेरचं होतं. वेळेबाहेरच्या आजाराची दखल घ्यायला लागलो, तर उद्या लोक आदल्या वर्षीची डोकेदुखी घेऊन येतील. डॉक्टरीणबाईंनी मग सुचवलं, की बाईंना एक रात्र वॉर्डात ठेवू आणि सकाळी उठल्याउठल्या फुगा देऊ. सूचना उत्तम होती. फक्त, वॉर्डात जागा मिळायला आधी फुगा दाबता न येणं आवश्यक होतं.

समिती काही दगडाच्या काळजाची नव्हती. आम्ही बाहेरच्या बाकांपाशी कोमट पाण्याचे टब ठेवले. त्यात हात शेकायचे आणि मग आत यायचं. बाईंना फार बरं वाटलं. त्यांनी आमचे आभार मानले, आत आल्या आणि फुगा आधीपेक्षाही चांगला दाबला.

नंतर बरेच महिने त्या फिरकल्या नाहीत. आल्या तेव्हा दोन्ही हातांची बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती आणि फुगा हातात ठरत नव्हता. भर दुपारी, टबात हात शेकूनही ठरत नव्हता. मला मनापासून आनंद झाला. "मंजूर," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाई बराच वेळ ते हात आपल्या हातात घेऊन बसल्या. "दुखणं थांबेल आता," त्या म्हणाल्या. "बोटं सरळ नाही व्हायची."

"मग काजं?" बाईंनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनची चिठ्ठी लिहायला घेतली.

दुखणं खरोखरच थांबलं. बाईंच्या वेदना शून्यावर आल्या, आणि शून्याच्या खाली सुधारणा शक्य नसल्यामुळे आमच्या विभागाला गुणवत्तेचा पुरस्कार मिळाला. समारंभात मानचिन्ह बाईंच्याच हस्ते संचालकसाहेबांना द्यायचं ठरलं. ते त्यांना धरता येईना, म्हणून दुसऱ्या बाजूने नणंदेने धरलं. साहेबांनी त्यांना दोन शब्द बोलायचा आग्रह केला.

"आता दुखत नाही," बाई म्हणाल्या. "दुकानात माझ्या जागी दुसरी घेतली. चांगली करते ती काजं."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझेही डोळे भरून आले.

आता तुम्ही हे वाचून समितीला नावं ठेवाल. खुशाल ठेवा, आम्हाला सवय आहे. पण वेळ दुपारची करण्याआधी मी रुग्णालयाच्या शेजारपाजारच्यांचं मत घेतलं होतं. तुमच्याही दारी आलो होतो. तुम्ही दार अर्धंच उघडलं होतंत, घाईत होता. म्हणालात, "सकाळी सकाळी ती वेडीवाकडी चालणारी माणसं खिडकीतून दिसतात हो, चहा गोड लागत नाही. दुपारी बोलवा ना त्यांना. तेव्हा आम्ही झोपलेले असतो."